टाय-अप पुन्हा पुन्हा होतोय? आधी बंद दिवसाची चंदी तपासा

गेल्या पावसाळ्यात आमच्या पुण्यातल्या शर्यतीच्या तबेल्यातली तीन वर्षांची एक घोडी अडीच महिन्यांत चार वेळा आखडली, म्हणजे कामात तिचे स्नायू आवळून ताठ झाले. यालाच टाय-अप म्हणतात. तिचं नाव सांगत नाही, मालकही हे वाचतात. चारही वेळा प्रकार तोच. सकाळी बॉक्समधून (तबेल्यातल्या तिच्या खोलीतून) निघताना कान ताठ, अंगात वारं शिरलेलं, लगाम ओढून ओढून रायडिंग बॉयचे हात भरून आलेले. दहा-पंधरा मिनिटं काम झालं की मागची पावलं आखूड पडायला लागायची. मग कुशीतून घाम निथळायचा, नाकपुड्या फुलायच्या आणि ट्रॅकवरून परतताना ती मध्येच खांबासारखी उभी राहायची. पुठ्ठ्यावर, म्हणजे मागच्या मांसल भागावर, हात ठेवावा तर लाकूड.

पहिल्या वेळी 'गारठा लागला असेल' म्हणून आम्ही सोडून दिलं. दुसऱ्या वेळी नालबंदावर खापर फोडलं, बिचाऱ्याने नाल काढून पुन्हा ठोकूनही दिले. तिसऱ्या वेळी रक्त तपासलं आणि एक महागडी पावडर आणली. चौथ्यांदा झालं तेव्हा कारण सापडलं, पण ते रक्तात नव्हतं. ते चंदी, म्हणजे घोड्याचा दाणा, मोजायच्या मगमध्ये आणि कामाच्या वहीत होतं. सविस्तर लिहितोय, कारण हंगाम सुरू झाला की दर वर्षी कुणी ना कुणी हाच प्रश्न विचारतं: रक्त नॉर्मल आलं, चांगला आराम दिला, तरी परत का झालं? बऱ्याचदा आराम दिला म्हणूनच झालेलं असतं.

घोडी आत्ता आखडून उभी असेल तर

बाकीचं नंतर वाचा. तिला चालवू नका. 'दोन चकरा मारल्या की मोकळी होईल' ही समजूत आपल्याकडे फार खोल रुजलेली आहे. हलकासा ताठरपणा असेल तर सावकाश चालवून काही घोडे सुटतातही, पण जी पाऊल टाकायलाच तयार नाही तिच्या स्नायूंच्या पेशी आत फुटत असतात. तिला ओढून नेलं की आणखी फुटतात. ट्रॅकवर असेल तर घोड्यांची गाडी बोलवा. बॉक्स पन्नास पावलांवर असेल आणि ती स्वतःहून चालत असेल, तरच हळूहळू न्या.

डॉक्टरांना फोन करा आणि ते येईपर्यंत नाडी मोजा. जबड्याच्या खालच्या कडेवरून जाणारी रक्तवाहिनी बोटाखाली धरायची आणि घड्याळ लावायचं. निवांत उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते. आखडलेल्या घोड्याची वेदनेने बरीच वर जाते. डॉक्टरांना फोनवर 'फार त्रासात आहे' हे सांगण्यापेक्षा आकडा सांगितलेला बरा. पाणी समोर ठेवा, दाण्याची बादली उचला, सुकं गवत राहू द्या. बाहेर पाऊस आणि वारा असेल तर कमरेवर चादर टाका, पण घामाने निथळत असेल तर आधी पुसून घ्या.

आणि हातातलं ब्यूट (फेनिलब्युटाझोन) खाली ठेवा. वेदनाशामकाची पुडी प्रत्येक तबेल्यात असते आणि अशा वेळी हात तिकडेच जातो. स्नायू फुटले की त्यातलं मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. घोडी घामाने सुकलेली असताना त्यावर फेनिलब्युटाझोन किंवा फ्लुनिक्सिन दिलं, तर आधीच गांजलेल्या मूत्रपिंडावर दुहेरी मार बसतो. आधी अंगात पाणी, मग वेदनाशामक. हा क्रम डॉक्टरच सांभाळतील. गुंगी आणणारं औषधही तसंच, त्याने रक्तदाब उतरतो.

लघवीवर लक्ष ठेवा. कॉफीसारखी तपकिरी किंवा लालसर झाली तर सलाईनशिवाय भागत नाही. मात्र ती बाहेर पडतानाचा रंग बघा. घोड्याची लघवी मुळात पिवळी आणि गढूळ असते, आणि साध्या निरोगी घोड्याचीही भुशावर पडून थोडा वेळ गेला की हवेने नारिंगी-तपकिरी होते. आमच्याकडे एका नव्या पोराने असाच भुसा दाखवून सगळ्या तबेल्याची झोप उडवली होती. डॉक्टरांना शक्य तितका ताजा नमुना स्वच्छ डब्यात धरून द्यायचा.

हा टाय-अपच आहे ना?

घाम, अस्वस्थपणा, कुशीकडे वळून बघणं यामुळे पोटशूळ वाटू शकतो. फरक असा की पोटदुखीत घोडा लोळू बघतो, जमीन खरवडतो, आणि टाय-अपमध्ये तो हलायलाच घाबरतो. खुरांचा दाह असेल तर पुढचे पाय पुढे टाकून भार मागे घेतो, खूर हाताला गरम लागतात. टाय-अपमध्ये दुखणं बहुतेक वेळा मागे असतं, पुठ्ठे आणि मांड्यांच्या मोठ्या स्नायूंत, दोन्ही बाजूंना. एकाच मागच्या पायावर भार देत नसेल तर कंबरेच्या हाडाची चीर डोक्यात ठेवा. शर्यतीच्या तरुण घोड्यात ती विसरण्यासारखी गोष्ट नाही. लांबच्या प्रवासानंतर ताप आणि ताठ चाल असेल तर छाती तपासायला सांगा. मुंबईहून घाट चढून आलेल्या घोड्याचं डोकं गाडीत तासन् तास वर बांधलेलं असतं, आणि फुफ्फुसाचं दुखणं तिथून सुरू होऊ शकतं.

खरा निकाल रक्त देतं, पण वेळेवर काढलं तर. आमची पहिली मोठी चूक इथेच झाली.

'रक्त नॉर्मल आलं' म्हणजे कधी काढलं होतं?

दोन एन्झाइमचे आकडे बघायचे असतात, सीके आणि एएसटी. दोन्ही स्नायूतून गळतात, पण त्यांचं वेळापत्रक वेगळं. सीके चपळ आहे. त्रास झाल्यापासून चार ते सहा तासांत शिखरावर जातो आणि स्नायू फुटायचं थांबलं की दोन-तीन दिवसांत खाली येतो. एएसटी आळशी. एक दिवस उलटल्यावर चढतो आणि उतरायला दोन-तीन आठवडे घेतो.

आम्ही तिसऱ्या वेळी रक्त काढलं ते तिसऱ्या दिवशी. मधे रविवार आला होता, शर्यती होत्या, सगळे तिकडे अडकलेले. सीके जवळपास ठीक, एएसटी चढलेला. आम्ही सीके बघून सुटकेचा श्वास टाकला आणि एएसटीचा संबंध यकृताशी लावून लिव्हर टॉनिक सुरू केलं! खरं तर तो कागद ओरडून सांगत होता की चार दिवसांत इथे काहीतरी फुटलंय.

साधी रीत अशी. त्रास झाला त्याच दिवशी चार ते सहा तासांनी एक नमुना, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी दुसरा. चोवीस तासांत सीके निम्म्यावर आला नसेल तर आत अजून आग आहे असं समजा आणि घोडीला हलवू नका. सीके निवांत घोड्यात काही शेकड्यांत असतो, खऱ्या टाय-अपमध्ये हजारांत आणि वाईट झटक्यात लाखाच्या घरातही जातो. त्यामुळे साधारण मेहनतीनंतर थोडा वाढलेला आकडा बघून घाबरायचं कारण नाही.

आणखी एक प्रकार आहे तो चोरटा. घोडी उघड आखडत नाही, पण कामात शेवटचे दोनशे मीटर हरवते, चढताना पाय उचलत नाही, खोगीर आवळताना चावायला येते. अशा घोडीला पंधरा मिनिटं हलक्या दुडक्या चालीने फिरवा, आधी रक्त आणि चार ते सहा तासांनी पुन्हा रक्त. इतक्या हलक्या कामावर सीके तिप्पट-चौपट झाला तर चोर सापडला.

पुण्यात सोमवार कोणत्याही वारी येतो

या दुखण्याचं जुनं इंग्रजी नाव 'सोमवार सकाळचा आजार' असं होतं. ओझी ओढणारे घोडे रविवारी सुट्टीवर, दाणा मात्र रोजचाच, आणि सोमवारी जुंपले की आखडायचे. थरोब्रेडमध्ये (शर्यतीच्या घोड्यांची जात) वारंवार होणारा टाय-अप हुबेहूब तोच आजार नव्हे. इथे मूळ दोष स्नायूच्या पेशीत कॅल्शियमची ये-जा बिघडण्याशी जोडला जातो. पेशी आकसते आणि वेळेवर सैल पडत नाही. लॅक्टिक ॲसिड साचून हे होतं अशी आपल्याकडे अजून सर्रास चालणारी कथा आता बाद झालेली आहे, पुठ्ठ्याला बर्फ लावून किंवा खाण्याचा सोडा देऊन घोडा सुटत नाही. कल बहुधा रक्तातूनच, म्हणजे आई-बापाकडून, येतो. ट्रेनिंगमधल्या शंभर थरोब्रेडमध्ये पाचाच्या आसपास किंवा थोड्या अधिक घोड्यांना तो गाठतो. त्यात तरुण घोड्या जास्त, आणि त्यातही तापट, भित्र्या घोड्या सगळ्यात जास्त. पण बंदूक रक्तात भरलेली असली तरी चाप ओढायला बाहेरचं काहीतरी लागतं, आणि जुन्या नावातला तो रविवार अजूनही सगळ्यात जोरात चाप ओढतो.

आता पुण्याकडे बघा. इथला रेसकोर्स १८३० पासूनचा, लष्कराच्या जमिनीवरचा. एका अंगाला एम्प्रेस गार्डन, दुसरीकडे वानवडी. मुंबईला महालक्ष्मीवर हिवाळी हंगाम असतो, नोव्हेंबरपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, म्हणजे कोरडा. पुण्याचा हंगाम जुलैच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या आसपास, म्हणजे ऐन पावसात. मुंबईत घोड्याचा आठवडा ठरलेला असतो. बंद दिवस कुठला हे सईसाला (घोड्याची देखभाल करणाऱ्याला), घोड्याला आणि दाण्याच्या बादलीलाही माहीत. पुण्यात रात्रभर झड लागली की सकाळी काम रद्द, किंवा नुसतं चालवून आत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी ऊन पडतं आणि सगळेच म्हणतात, दोन दिवस वाया गेले, आज भरून काढू.

आमच्या वहीत चार झटके चार वेगळ्या वारी होते: गुरुवार, मंगळवार, शनिवार, बुधवार. त्यामुळे 'सोमवारचा आजार' कुणाच्या ध्यानातच येईना. तबेल्यातले सगळ्यात जुने सईस मामा एका संध्याकाळी वही न बघताच म्हणाले, "भाऊ, ही उन्हाला आखडते." मी हसलो. पावसाळ्यात उन्हाला? मग वही उघडून बसलो आणि हसू गेलं. चारही झटके पावसाच्या झडीनंतरच्या पहिल्या उघडिपीच्या सकाळचे होते. प्रत्येकाच्या आधी एक किंवा दोन दिवस घोडी बॉक्समध्ये, आणि त्या दिवशीच्या चंदीच्या रकान्यात रोजचाच आकडा. आम्ही काम पावसाप्रमाणे बदलत होतो, चंदी मात्र मुंबईच्या कॅलेंडरप्रमाणे चालू होती.

म्हणून ज्यांची घोडी पुन्हा पुन्हा आखडते त्यांना माझं पहिलं सांगणं हेच. पावडर नंतर, आधी वही. तारीख, किती आणि कसलं काम, बॉक्समध्ये किती तास, दाणा किती किलो, गवत किती, कोणता सईस, कोण वर बसलं, पाऊस. घोडी माजावर होती का, तेही लिहा. काही घोड्यांचे झटके माजाच्या चक्राशी जुळल्यासारखे वाटतात. ते खरं आहे का योगायोग, हे वहीशिवाय कळत नाही. तीन झटक्यांची नोंद असली की नमुना आपोआप वर येतो.

दाण्याचा मग फेकून द्या, तराजू आणा

आता मगची गोष्ट. आमच्याकडे दाणा स्टीलच्या मगने मोजला जायचा. 'सकाळी दोन, दुपारी दोन, रात्री तीन.' गणपतीत एक सईस गावी गेला, बदली पोरगा आला. त्याला तो मग सापडला नाही म्हणून त्याने रंगाचा रिकामा डबा घेतला. वरून तो ओटऐवजी मधूनमधून भरडलेला सातू (जव) घालत होता, कारण पावसात ओटची पोती भिजली होती. सातू आकाराने तेवढाच भरला तरी वजनाला जास्त आणि पिष्टाने (स्टार्चने) त्याहून जास्त. ओटमध्ये पिष्ट चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास, सातूत पन्नासच्या वर, मक्यात तर साठ-पासष्ट ओलांडतं. कागदावर सात मग म्हणजे सात मग. घोडीच्या पोटात मात्र दीडपट साखर. चौथा झटका त्याच आठवड्यातला.

त्या पोराची काही चूक नव्हती, त्याला कुणी वजन सांगितलंच नव्हतं. भाजीवाल्याकडे असतो तसला साधा इलेक्ट्रिक काटा आता चंदीच्या खोलीत आहे आणि प्रत्येक बॉक्सच्या दारावर किलोत लिहिलेली पाटी आहे.

किती द्यायचं? पुरेसं काम करणाऱ्या साडेचारशे किलोच्या घोड्याला आपल्याकडे पाच-सात किलो दाणा सहज जातो. टाय-अपवाल्या घोडीला तो मानवत नाही. दिवसाला अडीच किलोच्या वर पिष्टमय दाणा गेला की अशा घोड्यांचे सीके चढतात, हे प्रयोगांतून बऱ्यापैकी स्पष्ट झालेलं आहे. आहारतज्ज्ञ सांगतात ते असं: रोजच्या ऊर्जेतली पिष्ट-साखरेची वाटणी वीस टक्क्यांच्या आत, चरबीची पंधरा-वीस टक्क्यांच्या पुढे. चारा वजनाच्या दीड टक्क्याच्या खाली कधीच नको, म्हणजे साडेचारशे किलोला पावणेसात किलो सुकं गवत तरी.

दाणा कमी केला की मालक विचारतो, ताकद कुठून येणार? तेलातून. साडेतीनशे मिलिलिटर वनस्पती तेलात जवळपास एक किलो ओटइतकी ऊर्जा असते आणि पिष्ट शून्य. सोयाबीनचं साधं तेल चालतं. पण एकदम ओतलं तर शेण पातळ होतं आणि घोडी बादलीकडे पाठ फिरवते. पन्नास-साठ मिलिलिटरपासून सुरू करून दोन-तीन आठवड्यांत वर न्या. तेल वाढलं की जीवनसत्त्व ई वाढवावं लागतं, नाहीतर तेलच त्याचा साठा खातं. तांदळाच्या कोंड्यातूनही चरबी मिळते, पण पुण्याच्या पावसात तो महिनाभर ठेवला की खवट वास मारतो. स्थिर केलेला, बंद पिशवीतला असेल तरच घ्या, आणि त्यात फॉस्फरस जास्त असतो म्हणून कॅल्शियमचं गणित जुळवून घ्या. गव्हाच्या कोंड्याचा मॅश घालणाऱ्यांनाही हेच लागू. लसूणघासात कॅल्शियम भरपूर असतो, थोडी दिली तर तोल सावरतो.

तेलाने आणखी एक गोष्ट झाली जी मला अपेक्षित नव्हती. घोडी शांत झाली. पिष्ट कमी केल्यावर तापट घोड्यांचा उधळेपणा कमी होतो हे वाचलं होतं, पण डोळ्यांनी दिसायला आठ-दहा दिवस लागले. पहिल्या तीन दिवसांत फरक नाही म्हणून आमच्या एका मित्राने तेल सोडून दिलं. तेवढा धीर धरा.

बंद दिवसाचा नियम आता दारावरच लिहिलाय: काम रद्द झालं की त्याच दुपारपासून दाणा निम्मा, गवत वाढवा, आणि पूर्ण चंदी परत तेव्हाच जेव्हा काम परत. संध्याकाळी उद्याचा पाऊस बघून रात्रीची चंदीही हलकी केली तर उत्तम. हवामान खात्याचा अंदाज चुकला तर फार फार तर घोडी एक रात्र थोडी भुकेली, पण गवत आहेच. आणि दसऱ्याला पूजेच्या वेळी येणारा प्रत्येक पाहुणा घोड्याच्या तोंडात गुळाचा खडा घालतो, त्याचीही नोंद ठेवा. मी गंमत करत नाहीये.

बॉक्समधले तेवीस तास

चंदी सुधारली की अर्धं काम होतं. उरलेलं अर्धं हालचालीचं. या घोड्यांना सुट्टी मानवत नाही. काम नसेल त्या दिवशीही दोन वेळा तरी हातात धरून चालवा, पाऊस असला तर छपराखाली. शक्य असेल तिथे छोट्या पॅडकमध्ये (कुंपणाच्या मोकळ्या जागेत) मोकळी सोडा. पुण्यात जागेची अडचण आहे हे मान्य, पण तासभर तरी मिळतोच. उघडीप पडली की पहिल्या सकाळी 'भरून काढू' नका. पहिला दिवस लांब चाल आणि दुडकी, दुसरा हलका कँटर (सावकाश दौड), जोराचं काम तिसऱ्या दिवशी.

गंमत म्हणजे हे घोडे शर्यतीत क्वचित आखडतात. मोकळं सोडलं, भरधाव गेले, काही होत नाही. आखडतात ते कँटरला, जेव्हा पळायची ऊर्मी अनावर असते आणि वरचा रायडर दोन्ही हातांनी ओढून धरतो. आमच्या घोडीवर नेमका सगळ्यात ताकदीचा पोरगा बसवलेला होता, कारण ती आवरत नव्हती. त्याच्या जागी हलक्या हाताची एक मुलगी बसवली, घोडीला पहाटे सगळ्यांच्या आधी पहिल्या लॉटमध्ये (तुकडीत) बाहेर काढलं, आणि दुसऱ्या घोड्यांच्या मागे तिष्ठत ठेवणं बंद केलं. एकटीला जाऊ द्या, नाहीतर सवयीच्या एका शांत घोड्यासोबत. ट्रॅक उघडायची वाट बघत वीस मिनिटं उभं राहणं हा या घोड्यांसाठी विषप्रयोग आहे.

त्यात ऑगस्टपासून पुण्यात ढोल. पथकांचा सराव संध्याकाळी सुरू झाला की काही घोडे बॉक्समध्ये घामाघूम होतात. आमची त्यातलीच. तिला मागच्या, भिंतीकडच्या बॉक्समध्ये हलवलं, शेजारी एक म्हातारा निवांत घोडा ठेवला आणि संध्याकाळचं गवत जाळीत भरून ढोलाच्या वेळी द्यायला लागलो. तोंड चालू असलं की डोकं शांत राहतं. माणसाचंही तेच.

पावडरी, मीठ आणि औषधं

सेलेनियम आणि जीवनसत्त्व ई हे पहिलं नाव निघतं. कमतरता असेल तर भरून काढायलाच हवी, म्हणून आधी रक्तात मोजा. ई जास्त झालं तर सहसा बिघडत नाही, कसून काम करणाऱ्या घोड्याला दिवसाला एक हजार युनिट हा साधारण हिशोब. सेलेनियमचं तसं नाही. दिवसाला एक ते तीन मिलिग्रॅम पुरतं आणि त्याच्या काही पट गेलं तर विषबाधा, आयाळ-शेपटी गळणं, खुरांना चिरा. आमच्या चंदीत तीन वेगवेगळ्या डब्यांतून सेलेनियम जात होतं हे मागची लेबलं वाचल्यावर कळलं. तुम्हीही वाचा.

मीठ मात्र बहुतेक तबेल्यांत कमीच पडतं. घोड्याच्या घामात सोडियम, क्लोराइड आणि पोटॅशियम भरभरून जातं, आणि पुण्याच्या दमट सप्टेंबरात, त्याहून ऑक्टोबरच्या उकाड्यात, हे दिसत नाही कारण घाम वाळत नाही. रोज तीस ते साठ ग्रॅम साधं मीठ चंदीत घाला, पाणी कायम समोर हवं. पुरतंय का नाही याची शंका असेल तर रक्त आणि लघवी एकाच वेळी तपासून क्षारांचं प्रमाण काढता येतं, डॉक्टरांना विचारा. मिठाची वीट लटकवून भागलं असं समजू नका. काही घोडे तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत.

हे सगळं करूनही झटके येत राहिले तर डॅन्ट्रोलीन हे औषध आहे. पेशीच्या आत कॅल्शियम सुटण्यावरच ते काम करतं, आणि कामाच्या तासभर-दीड तास आधी पोटातून दिलं जातं. ते कामापुरतं आहे, शर्यतीपुरतं नाही. शर्यतीनंतर घोड्यांचे नमुने तपासले जातात, त्यामुळे कोणतं औषध किती दिवस आधी थांबवायचं हे डॉक्टर आणि ट्रेनर यांनी बसून कागदावर ठरवावं. सईसाने किंवा मालकाच्या मेहुण्याने नव्हे.

कामाला परत कधी

घोडी चालायला लागली म्हणजे बरी झाली नाही. पहिले एक-दोन दिवस बॉक्स, मग लगेच छोट्या पॅडकमध्ये सोडायला सुरुवात करा. आठवडाभर चार भिंतींत कोंडून ठेवलं तर बाहेर पडल्यावर पुढचा झटका ठरलेला. दाणा जवळपास बंद, गवतावर ठेवा. सीके नॉर्मलला आला की खोगीर. एएसटीची वाट बघत बसू नका, तो त्याच्या गतीने उतरेल, फक्त चढत नाहीये ना एवढं पाहा. चाल, दुडकी, कँटर असं दोन-तीन आठवड्यांत चढत जा. दर टप्प्यावर चार-सहा तासांनंतरचं एक रक्त काढलं तर पुढच्या झटक्याची चाहूल डोळ्याला दिसायच्या आधी कागदावर लागते. शर्यतीत एन्ट्री टाकायची घाई मालकाला असते, ती ऐकून आम्ही दुसऱ्या झटक्यानंतर बाराव्या दिवशी जोराचं काम केलं. तिसरा झटका त्याच सकाळचा.

चौथ्यानंतर काटा आणला तो सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. ऑक्टोबरात परतीच्या पावसाने दोनदा काम बुडवलं. दोन्ही वेळा त्याच दुपारी दाणा निम्मा केला आणि उघडीप पडल्यावर पहिल्या सकाळी घोडीला फक्त चालवलं. दुसऱ्या वेळी मामांनी मला न विचारताच तिची रात्रीची बादली अर्धी करून ठेवली होती. वर सिंहगडाच्या दिशेला वीज चमकताना बघितली म्हणे.